आजी, आई, लेक आणि बुधवारची टेप

सीमा आठ महिन्यांची झाली आणि मी तिला आमच्याच गल्लीतल्या ब्रेंडा नावाच्या चाइल्डमाइंडरकडे ठेवून कामाला जायला लागले. पहिल्या दिवशी मी ब्रेंडाला दोन पानं लिहून दिली. सीमा कुठल्या कुशीवर झोपते, ताप कितीवर गेला की मला फोन करायचा, खोकला कोरडा असेल तर काय आणि ओला असेल तर काय. ब्रेंडाने स्वतःची पाच मुलं वाढवली होती. तिने ती पानं न हसता फ्रिजवर मॅग्नेटने लावली आणि तुझी बस चुकेल म्हणून मला दाराबाहेर काढलं.

ते साल एक्क्याण्णव. बर्मिंगहॅमला येऊन मला तीन वर्षं झाली होती. औरंगाबादच्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं होतं, स्टॅटिस्टिक्स घेऊन, पण इथे आल्यापासून त्याचा उपयोग सीमाच्या वजनाचा आलेख काढण्यापलीकडे झाला नव्हता. आता मला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये ट्रेनी ऑपरेटर म्हणून घेतलं होतं. सहा महिने बघणार, आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार.

सेंटर म्हणजे बाहेरून कुठलंही गोदाम वाटावं अशी विटांची इमारत, अकरा नंबरच्या बसच्या स्टॉपपासून पाच मिनिटांवर. आत दोन वर्गखोल्यांएवढी एक थंडगार खोली आणि तिच्यात कपाटांसारखी उभी मशीनं. आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांतल्या सगळ्या लहान मुलांची नोंद तिथे होती. जन्म, पत्ता, कोणती लस झाली, कोणती राहिली. कुणाची लस आली की त्या मुलाच्या आईला पत्र जायचं, तेही तिथूनच. सीमाची पहिली तीन पत्रं मला आली होती ती मी जपून ठेवली होती. ती कोण पाठवतं याचा विचार मात्र कधी केला नव्हता. कुठल्या तरी ऑफिसात बाई बसली असेल, वहीत बघून लिहीत असेल, असं काहीसं मनात होतं.

खोलीत पंख्यांचा इतका आवाज की फोनची घंटा ऐकू यायची नाही. म्हणून फोनवर एक लाल दिवा होता. फोन आला की तो लुकलुकायचा. कामाला लागल्यापासून माझा एक डोळा त्या दिव्यावर असायचा.

ही जागा मला कळली ती हरीशकाकांमुळे. काका आमच्या रविवारच्या हॉलमधले. तिथे आपली माणसं जमायची, वंदना व्हायची, आणि मग बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबलं मांडून मुलांचा अभ्यास घेतला जायचा. मी गणित घ्यायची. काका मागे उभे राहून ऐकायचे. एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी मला विचारलं की पोरं तुला उत्तर सांगतात तेव्हा तू ते दुसऱ्या रीतीने पुन्हा काढून का बघतेस. मी म्हटलं, चुकलं तर? त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी मला नोकरीचा फॉर्म आणून दिला.

काका नांदेडकडचे. एकोणसत्तर साली इथे आले, चार वर्षं फाउंड्रीत भट्टीपुढे काढली. मग टेप उचलायला माणूस पाहिजे म्हणून जाहिरात वाचली आणि या खोलीत आले. मशीनची जाडजूड पुस्तकं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकट्याने वाचून काढली. आता ते शिफ्ट लीडर होते आणि मार्चमध्ये रिटायर होणार होते. सगळे त्यांना हॅरी म्हणायचे. मला ते जमेना. साठीला आलेल्या माणसाला हॅरी कसं म्हणायचं? उदयला, माझ्या नवऱ्याला, 'तू' म्हणायला शिकायलाच मला वर्ष लागलं होतं, तेही त्याने हट्ट धरला म्हणून. मी कामावरही 'काका'च म्हणत राहिले. महिनाभरात आमची मॅनेजर मिसेस आर्चरसुद्धा विचारू लागली, "व्हेअर इज काका?"

शिकवायला ते कडक होते. सगळ्यात आधी त्यांनी मला तीन पिढ्या शिकवल्या. दर बुधवारी क्लिनिकांकडून आलेल्या नव्या नोंदी मशीनमध्ये जायच्या. मशीन गेल्या आठवड्याची टेप वाचायचं, तिच्यात नव्या नोंदी मिसळायचं, आणि नवी टेप लिहायचं. जुनीवर कधी खरडायचं नाही. म्हणजे नेहमी तीन टेपा हाताशी असायच्या. इंग्लिशमध्ये त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा म्हणतात.

"आपण आजी, आई, लेक म्हणू," काका म्हणाले. "पोरांचा हिशेब बायकाच ठेवतात. लेक बिघडली तर आईकडून पुन्हा करता येते. आई हरवली तर आजी आहे. आजी गेली की मग रडायचं."

नवी टेप नीट लिहून झाली की दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी बाराला, सगळ्यात जुनी टेप पुसून कोऱ्या टेपांत जायची. कोणती पुसायची त्याची यादी मशीनच छापायचं.

मला हे सगळं आवडायला लागलं होतं. घरी सांगताना मात्र शब्द अपुरे पडायचे. उदय मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. तिथे नुकतेच प्रत्येकाच्या टेबलावर छोटे कॉम्प्युटर आले होते. तो म्हणायचा, तू डायनासोरच्या पिंजऱ्यात नोकरीला लागलीस. काकांची मुलगी मंजिरीसुद्धा तेच म्हणायची. ती सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, गणितात हुशार. घरी तिच्या खोलीत तिचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. रविवारी ती सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाली, "डॅड, तुमचा मशीन म्युझियममध्ये जाणार. ऑनेस्टली."

काका चिडले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, तुझा बंद पडला तर काय करतेस? ती म्हणाली, ऑफ करते, ऑन करते, तोपर्यंत चहा पिते. काका म्हणाले की बरोबर, आमचा बंद पडला तर चार लाख पोरांच्या आयांना चहा पाजावा लागेल. हॉलमध्ये हशा झाला. मग ते जरा गंभीर होऊन म्हणाले की कपाट उद्या लहान होईल, नाव बदलेल, मी काही त्या कपाटाच्या प्रेमात नाही. पण सगळ्यांचं मिळून एकच खरं जिथे राहतं अशी एक जागा लागणारच, आणि ती सांभाळणारी माणसं लागणारच. ती तुमच्यातून कोण होणार ते सांगा. कोणी हात वर केला नाही. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी काकांनी डिसेंबरमध्ये या विषयावर बोलायचं, असं हॉलच्या कमिटीने तरीही ठरवून टाकलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी माझे सहा महिने भरत होते. दुपारी दोन वाजता मिसेस आर्चर मला बोलावून निकाल सांगणार होती.

त्या आठवड्यातला बुधवार.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. दहाएक दिवसांपूर्वी टेप वाचणाऱ्या कपाटांपैकी एक दुरुस्त करून आणलं होतं आणि तेव्हापासून ते बरोबर टेप लावली तरी शंका घ्यायचं. पडद्यावर प्रश्न यायचा, की ही टेप अपेक्षित नाही, वापरायची का? आम्ही हो म्हणायचो आणि काम पुढे सरकायचं. दुरुस्तीवाला पुढच्या सोमवारी येणार होता. तोपर्यंत हो म्हणायची बोटांना सवय लागली होती.

आमची रीत अशी होती की एकाने टेपच्या कडेवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने हातातल्या कागदाशी ताडून बघायचा. त्या दिवशी काका वाचत होते, कागद माझ्या हातात होता. आईची टेप पाहिजे होती, तीन शून्य सहा चार. काकांनी मांडणीवरून टेप काढली, चष्मा कपाळावर सरकवला, तो तसाही आता निरुपयोगी झाला होता पण नवा करायला ते जात नव्हते, आणि म्हणाले, "तीन शून्य सहा चार."

मला कडेवर दिसलं, तीन शून्य चार सहा.

दोनतीन सेकंद. एवढाच वेळ होता. टेप त्यांच्या हातात फिरली, कपाटात बसली, काचेचं दार लागलं. मी मनात म्हटलं, मला नीट दिसलं नसेल. मग म्हटलं, अठरा वर्षं हे करतायत, मी सहा महिने. मग पडद्यावर प्रश्न आला, ही टेप अपेक्षित नाही, वापरायची का? मी काकांकडे पाहिलं.

"आठवडाभर रडतंय ते," काका म्हणाले. "हो म्हण."

मी हो म्हटलं. म्हणजे बटण मी दाबलं.

घरी आमच्याकडे मोठ्या माणसाचं बोलणं मधे तोडायची पद्धत नव्हती. माझे वडील, कडूबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते जेवताना मीठ कमी आहे असं म्हणाले की मीठ बरोबर असलं तरी आई मीठ वाढायची. मी त्या घरातली. शाळेत, कॉलेजात, मी कितीही प्रश्न विचारले असतील. पण समोर काका-मामा असले की माझी जीभ आपोआप आत जायची. त्याला मी मान देणं समजत होते.

गुरुवारी सकाळी पत्रं छापली जात होती. माझं काम शेजारच्या खोलीत उभं राहून कागद सरळ जातोय ना ते बघायचं. अखंड कागदाची घडी सरसर पडत होती. प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं पत्र उचलून पत्ता पाकिटाच्या खिडकीत नीट बसतो का ते तपासायचं. सातव्या की आठव्या गठ्ठ्यावर मी पत्र उचललं आणि त्यावर माझ्या घराचा पत्ता होता. सीमा खिल्लारे. गोवर, गालगुंड, रुबेला. कृपया लस देण्यासाठी अमुक दिवशी क्लिनिकमध्ये आणावे.

सीमाला ती लस तेरा दिवसांपूर्वी झाली होती. मला विसरणं शक्यच नव्हतं. त्यानंतर दोन दिवस तिला ताप होता आणि मी डायरीत दर तासाचा आकडा लिहिला होता. क्लिनिकच्या कार्डावर शिक्का होता. गेल्या बुधवारी ती नोंद आत गेलीच असणार. म्हणजे ती आईच्या टेपेवर होती. आणि आजीच्या टेपेवर, म्हणजे तीन शून्य चार सहावर, नव्हती.

मी ते पत्र घडी करून ओव्हरऑलच्या खिशात टाकलं. तसं करायची परवानगी नव्हती. पुढचे गठ्ठे मी कसे तपासले मला आठवत नाही. लाल दिव्याकडे मी त्या दिवशी एकदाही पाहिलं नाही, एवढं आठवतं.

दुपारी मांडणीजवळ जाऊन मी पुसायच्या टेपांची यादी वाचली. सर्वांत वर होती तीन शून्य सहा चार. खरी आई. मला आधी वाटलं मशीन चुकलं. मग लक्षात आलं, ते चुकलेलं नाही. त्याने मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. मी जिला आई म्हटलं तिला ते आई मानून बसलं होतं, आणि उरलेली त्याच्या लेखी जुनी झाली होती. शुक्रवारी दुपारी बाराला ती पुसली जाणार होती, आणि पत्रं शुक्रवारी चारच्या टपालाने जाणार होती.

संध्याकाळी सीमाला भरवताना मी उदयला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की उद्या दोनला तुझी मीटिंग आहे, निकाल हातात पडू दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर तू बटण दाबलंस एवढंच त्यांना दिसेल. मी म्हटलं, बाराला पुसणार आहेत. त्याने सीमाचं तोंड पुसलं. मग म्हणाला, आणि काकांचं काय? मार्चला रिटायर होतायत. त्यांनीच तुला लावून दिलं.

तेच तर होतं. मी सांगितलं तर दोन नावं घ्यावी लागणार होती. माझी जागा जाणार हे मी जवळजवळ धरूनच चालले होते. पण ज्या माणसाने फॉर्म आणून दिला त्याची अठरा वर्षांतली पहिली चूक मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवायची, हे माझ्याच्याने होईना. न ठेवावं तर खिशातलं पत्र गप्प बसेना.

शुक्रवारी मी नेहमीच्या आधीची बस धरली. काका बूट बदलत बाकावर बसले होते. मी उभी राहिले आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

"हे काय?"

"सीमाचं पत्र. तिची लस झालेली आहे." मी पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "काका, बुधवारी तुम्ही चुकीची टेप लावलीत. आजीची. मी नंबर पाहिला होता."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पत्र लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. पत्र वाचण्यापेक्षा ते काहीतरी मोजत असावेत. एक बूट पायात, एक हातात.

"कधी पाहिलास?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठे."

त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात परत दिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"फाउंड्रीत फोरमन माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचा," ते म्हणाले. "मी या खोलीत आलो त्या दिवशी मशीनने विचारलं, टेप लावली का. मी म्हटलं, हो. त्याने काम सुरू केलं. मी कोण, कुठला, कुणाचा, काही नाही. बरोबर तर बरोबर, चूक तर चूक. तेवढ्यासाठी अठरा वर्षं थांबलो इथे. आणि तू माझं वय बघून गप्प बसलीस?"

मला रडू यायला लागलं होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते दुसरा बूट घालत होते.

"ज्यांची लस झाली त्यांना पुन्हा बोलावलं तर आया क्लिनिकमधून शिव्या देत परत येतील," ते म्हणाले. "त्याचं एवढं नाही. पण गेल्या आठवड्यात जी पोरं नव्याने नोंदली, ती आता कुठेच नाहीत. त्यांना पत्र जाणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. बाराला ती टेप पुसली की ती पोरं जन्मलीच नव्हती असं होईल. चल."

मला वाटलं मशीनरूममध्ये. ते सरळ मिसेस आर्चरच्या दारावर गेले आणि कोट काढायच्या आधीच त्यांनी तिला सगळं सांगितलं. मी टेप चुकीची वाचली, तिने पाहिलं, मी तिला हो म्हणायला लावलं, ती बोलली नाही, आज बोलली. याच क्रमाने, एकही शब्द इकडेतिकडे न करता. मधेच मी म्हणाले की बटण मी दाबलं. काका म्हणाले, ते मी सांगितलं आहे.

मिसेस आर्चरने घड्याळ पाहिलं. नऊला पाच कमी. तिने पुसायची यादी आणवली, लाल पेनने सगळ्या यादीवर काट मारली, आणि टपालखोलीला फोन केला. मग आम्हाला म्हणाली की माझ्याकडे बघत काय बसलात, आई शोधा.

तीन शून्य सहा चार पुसायच्या ट्रॉलीवर सर्वांत वर होती. मी ती उचलली तेव्हा आपण सीमाला पाळण्यातून उचलतो तसे दोन्ही हात खाली घातले, हे मला नंतर काकांनी सांगितलं. बुधवारच्या नव्या नोंदींची टेप जागच्या जागी होती. काकांनी नंबर वाचायला मला लावलं. स्वतः कागद धरला आणि बाजूच्या ऑपरेटरकडून चष्मा मागून घेतला. पडद्यावर तोच प्रश्न आला, वापरायची का? मी टेप पुन्हा बाहेर काढली, पुन्हा वाचली, काकांनी पुन्हा ताडून पाहिली. मग हो.

अडीच तास लागले. नवी लेक तयार झाली. पहिल्या गठ्ठ्यापासून पत्रं पुन्हा छापली, जुनी पोतीच्या पोती फाडायला गेली. नव्या पत्रांत सीमाचं नाव नव्हतं. मी ते शोधायला सगळे गठ्ठे पाहिले, आणि त्यासाठी कोणी मला रागावलं नाही. एका गठ्ठ्यात बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही म्हणून नुसतं 'बेबी' लिहिलेलं एक पत्र होतं, दोन महिन्यांची पहिली लस. मी ते जरा जास्त वेळ हातात धरून ठेवलं. टपालाची गाडी चारला पाच मिनिटं असताना भरली.

दोनची मीटिंग सव्वाचारला झाली. मिसेस आर्चरने चहाही विचारला नाही. तिने एकच प्रश्न विचारला. पुढच्या बुधवारी काका टेप लावतायत आणि तुला वेगळा नंबर दिसला तर?

मी म्हटलं, मी त्यांना थांबवीन.

"आणि तुझं चुकीचं निघालं तर?"

 मी म्हटलं, तर चार मिनिटं वाया जातील.

तिने मला कायम केलं नाही. अजून तीन महिने बघू म्हणाली. घरी जाताना बसमध्ये मी ठरवू शकत नव्हते की मला वाईट वाटतंय का. सीमाला घ्यायला गेले तर फ्रिजवरची माझी दोन पानं अजून तिथेच होती, कडेला जॅमचं बोट लागलेलं. ब्रेंडा म्हणाली की ती रोज वाचत नाही, पण काढणार पण नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला.

सोमवारी आमच्या खोलीच्या दारावर एक छापील कागद लागला. यापुढे नंबर जो नवीन आहे तो वाचेल, जो जुना आहे तो ताडून बघेल. कोणीही, कधीही, काम थांबवू शकतो. थांबवल्याची वेळ वहीत लिहायची, थांबवल्याबद्दल कोणाला विचारायचं नाही. काकांनी नवा चष्मा केला.

डिसेंबरमध्ये काकांचं हॉलमधलं बोलणं झालं. कमिटीने त्यांना विषय लिहून दिला होता, मोठे कॉम्प्युटर आणि विद्यार्थ्यांचं भविष्य. त्यांनी तो कागद खिशातच ठेवला. म्हणाले, मी तुम्हाला माझी चूक सांगतो. आणि सांगितली. टेबलांवरची कुजबुज हळूहळू बंद झाली. त्यांनी मुलांना विचारलं की तुमच्यापैकी कितीजणांना लस टोचली आहे. सगळ्यांचे हात वर गेले. मग विचारलं की तुमच्या आईला आठवण कोणी करून दिली. कोणालाच माहीत नव्हतं. जसं मलाही नव्हतं. ते म्हणाले की बँक, रेल्वे, हॉस्पिटल, सगळीकडे मागे अशी एक खोली असते आणि तिच्यात जायला कोणी हुशार पोरं येत नाहीत, कारण तिथलं काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणून शिका, ते म्हणाले. जे दिसतं ते शिकायला सगळेच येतात.

मंजिरी शेवटच्या रांगेत होती. वडिलांच्या तोंडून 'मी चुकलो' हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडे आली आणि इकडचंतिकडचं बोलून म्हणाली, "यमुनाताई, तो खोली बघायला मिळते का?"

फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मिसेस आर्चरने तिला दोन दिवस यायची परवानगी दिली. एव्हाना मी कायम झाले होते, आणि काकांचे पाच आठवडे उरले होते. नियमाप्रमाणे खोलीतली सगळ्यात नवीन मंजिरी होती, म्हणून बुधवारी नंबर वाचायचं काम तिच्याकडे आलं. कागद माझ्या हातात. काका टेप घेऊन उभे. तिने कडेवरचा नंबर वाचला, माझ्या खांद्यावरून कागदात डोकावली आणि हात आडवा धरला.

"डॅड, स्टॉप. हा टेप चुकीचा आहे."

काका जागच्या जागी थांबले. मी कागद पाहिला. टेप बरोबर होती, मंजिरी गेल्या आठवड्याची ओळ बघत होती. हे मला लगेच कळलं, काकांनाही कळलं असणार.  पण त्यांनी टेप टेबलावर ठेवली, नवा चष्मा नाकावर चढवला, आणि आम्ही तिघांनी मिळून ओळ न् ओळ पहिल्यापासून वाचली. तारीख, आठवडा, नंबर. मंजिरीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या.

"सॉरी," ती म्हणाली. "बरोबरच आहे."

काकांनी वही ओढली आणि लिहिलं. अकरा वीसला थांबलो, अकरा चोवीसला पुन्हा सुरू, कारण शंका. थांबवणाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यात त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, अगदी सावकाश. मग टेप तिच्या हातात दिली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "आणि पुन्हा वाटलं तर पुन्हा थांबव."

तिने टेप दिव्याखाली धरली आणि या वेळी एकेक आकडा सुटा वाचला.